रुक्ष विषय आणि प्रौढ विद्यार्थी

आपल्या वार्षिकांत विद्यार्थ्यांच्या अभ्यासाविषयीं दरवर्षीं पुष्कळ लिहिलें जातें. परंतु दिवसभर कष्ट करून रात्रीं दिव्याखालीं वही उघडून बसणाऱ्या विद्यार्थ्यांविषयीं सहसा कोणी लिहीत नाहीं. वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं असा एखादा विद्यार्थी असेल. कोणाची आई सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीच्या परीक्षेची तयारी करीत असेल, कोणाचे वडील रात्रशाळेंत जात असतील, कोणाची आजी नातवाच्या पाटीवर आपलें नांव गिरवीत असेल. गणित, व्याकरण, भूगोल हे विषय रुक्ष म्हणून मुलांतही बदनाम आहेत. मग दमूनभागून आलेल्या प्रौढांस ते गोड कसे लागावे? हा प्रश्न वरवर पाहतां शिक्षकांचा दिसतो. तो विद्यार्थ्यांचा व पालकांचाही आहे, असें माझें मत आहे, आणि तें येथें मांडण्याची परवानगी मी वाचकांजवळ मागतों.

प्रथम माझ्या चुकीची हकीकत सांगितली पाहिजे. मी दिवसा शाळेंत शिकवितों आणि आठवड्यांतून तीन रात्रीं एका वस्तींतील प्रौढांचा वर्ग घेतों. पहिल्या वर्षीं माझी अशी समजूत होती कीं, मुलांस जें शिकवितों तेंच थोडें सावकाश सांगितलें म्हणजे प्रौढांचें शिक्षण झालें. त्या समजुतीनें मीं एके रात्रीं फळ्यावर घनफळाचें सूत्र लिहिलें आणि एका काल्पनिक पेटीचें उदाहरण घातलें. पहिल्या बांकावर एक गवंडीकाका बसत. दिवसभर उन्हांत भिंत चढवून ते आले होते. पेटीचें घनफळ निघण्यापूर्वींच त्यांचा डोळा लागला. मला राग आला. मीं त्यांस जागें करून सर्वांसमक्ष विचारलें, "काका, घनफळ म्हणजे काय?" ते ओशाळले, खालीं मान घालून बसले. पुढचे दोन वर्ग ते आलेच नाहींत.

त्यानंतर एके सकाळीं एका नव्या बांधकामापाशीं ते मला दिसले. वाळूचा ट्रक नुकताच आला होता. काका चाकावर पाय देऊन वर चढले, टेप लावून हौद्याची लांबी, रुंदी आणि वाळूचा थर त्यांनीं मोजला, क्षणभर मनाशीं कांहीं पुटपुटले आणि खालीं उभ्या असलेल्या चालकास म्हणाले, "दोन ब्रासचे पैसे मागतोस, आणि माल पावणेदोनच आहे." चालकानें थोडी हुज्जत घातली व अखेर मान्य केलें. ब्रास म्हणजे १०० घनफूट. हौदा १० फूट लांब, ७ फूट रुंद आणि वाळूचा थर अडीच फूट. म्हणजे १७५ घनफूट. ज्या घनफळाचें नांव ऐकून या गृहस्थांस झोंप आली, तेंच घनफळ ते रोज तोंडीं काढीत होते आणि त्यावर दुसऱ्याचे पैसे वांचवीत होते. आणि मी त्यांस विचारीत होतों कीं घनफळ म्हणजे काय!

त्या संध्याकाळीं मीं त्यांच्या घरीं जाऊन क्षमा मागितली. चहाचा पेला पुढें करीत ते म्हणाले, "गुरुजी, शिकायची लाज नाहीं वाटत. सगळ्यांदेखत येत नाहीं म्हणायची लाज वाटते." पुढच्या वर्गांत पेटी गेली आणि फळ्यावर वाळूचा ट्रक आला. पूर्ण दोन ब्रास माल हवा असेल तर त्याच हौद्यांत थर किती हवा, असा प्रश्न मीं घातला. काकांनीं अंदाजानें सांगितलें, "पावणेतीनच्या किंचित वर." मग आम्हीं सर्वांनीं मिळून २०० ला ७० नीं भागिलें, उत्तर जवळजवळ २ फूट १० इंच आलें. अंदाज आणि आंकडा एकमेकांस भेटले तेव्हां वर्गांत जो आनंद झाला, तो मीं दिवसाच्या वर्गांत क्वचितच पाहिला आहे. त्या रात्रीं कोणास झोंप आली नाहीं.

यावरून माझें असें मत बनलें कीं, विषय मुळांत रुक्ष नसतो. ज्या जीवनांतून तो निघाला त्यापासून तोडून शिकविला म्हणजे तो वाळतो. मुलास ही तूट फारशी जाणवत नाहीं, कारण मूल भविष्यासाठीं शिकत असतें आणि मोठ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून पुष्कळसें पाठ करतें. प्रौढाची गोष्ट निराळी. त्याची वर्गांतील प्रत्येक घटका झोंपेंतून किंवा मजुरींतून काढलेली असते, तेव्हां "हें मला कशाला?" असें विचारण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे. त्याच्यापाशीं वीसतीस वर्षांचा अनुभव असतो. आणि त्यास मान असतो, तो दुखावला तर तो भांडत नाहीं. नुसता येईनासा होतो. अमेरिकेंतील माल्कम नोल्स यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत प्रौढांचें शिक्षण आणि बालकांचें शिक्षण यांतील भेद विस्तारानें मांडला. मला तो भेद गवंडीकाकांनीं एका वाक्यांत शिकविला.

आतां एक एक विषय घेऊन पाहूं. सरळव्याज हा पाठ्यपुस्तकांतील अत्यंत कंटाळवाणा भाग समजला जातो. आमच्या वर्गांतील एका मावशींनीं बचत गटांतून २०,००० रुपये घेतले होते. दर शेंकडा दोन. बँकेचा दर शेंकडा बारा असें त्यांनीं ऐकलें होतें, म्हणून आपण स्वस्तांत पैसे आणले अशी त्यांची समजूत होती. मीं विचारलें, "मावशी, हे दोन रुपये महिन्याचे कीं वर्षाचे?" वर्गांत शांतता पसरली. मग प्रत्येकीनें आपापल्या वहींत मांडलें. मुद्दल तेवढेंच राहिलें तर महिन्याचे व्याज ४०० रुपये, वर्षाचे ४,८००. बँकेच्या दरानें वर्षाचे २,४००. दोन हे बारापेक्षां दुप्पट महाग निघाले! तेवढ्यांत दुसरी एक बाई म्हणाली, "पण गुरुजी, गटाचें व्याज गटांतच राहतें, शेवटीं आपल्याच बायकांच्या पदरांत पडतें. सावकाराचें तसें नाहीं." हें खरें होतें, आणि मला तें सुचलें नव्हतें. मग सावकाराच्या दरमहा शेंकडा पांच या दराचा हिशेब झाला. तो वर्षाला शेंकडा साठ आला. सूत्र मीं सर्वांत शेवटीं लिहिलें. तोंपर्यंत तें सर्वांस कळून चुकलें होतें. मीं फक्त त्याला नांव दिलें.

व्याकरणाची गोष्ट घ्या. कर्ता, कर्म, प्रयोग या शब्दांनीं चांगलीं चांगलीं मुलें घाबरतात. परंतु खरेदीखतांत "लिहून देणार" कोण आणि "लिहून घेणार" कोण, हें ज्यास कळत नाहीं तो आपली जमीन गमावूं शकतो. आमच्या वर्गांत मीं एकदां वाक्य लिहिलें: "नुकसानभरपाई देण्यांत येईल." आणि विचारलें, "कोण देईल?" सर्वजण वाक्यांत शोधूं लागले. देणारा सांपडेना. "कधीं देईल?" तेंही सांपडेना. यास व्याकरणांत नवीन कर्मणि प्रयोग म्हणतात, असें सांगतांच एक हमालदादा हंसून म्हणाले, "म्हणजे देणारा लपवायचा प्रयोग!" व्याकरणकारांनीं ही व्याख्या केली नसेल, पण त्या दिवसापासून आमच्या वर्गांतील मंडळी कोणताही कागद हातीं आला कीं प्रथम कर्ता शोधतात. अर्जांत, करारांत, नोटिशींत तो नसेल तर विचारतात. व्याकरणाचा याहून मोठा उपयोग मला ठाऊक नाहीं.

भूगोलाचेंही तसेंच. तेच हमालदादा माणदेशचे. आपलें गांव सोडून ते शहरांत कां आले, हें त्यांस पक्कें माहीत होतें: पाऊस नाहीं म्हणून. पण एकाच सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरीं वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि दहिवडीकडे तो ५०० च्या आसपास कां राहतो, हें त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीस अडून वर चढतात, थंड होतात, घाटमाथ्यावर बरसतात आणि पलीकडे उतरतांना कोरडे होतात. त्यास पर्जन्यछाया म्हणतात. मीं फळ्यावर डोंगर काढला, वाऱ्याचे बाण काढले. दादा बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "आमचा बाप म्हणायचा, आपलं नशीबच कोरडं." ज्या गोष्टीस एका कुटुंबानें दोन पिढ्या नशीब मानलें, तिचें कारण एका आकृतींत दिसलें. अशा वेळीं भूगोल रुक्ष आहे असें म्हणण्याचें धैर्य कोणास होईल?

येथें एका प्रचलित मताशीं माझा विरोध आहे, तो स्पष्ट केला पाहिजे. कित्येक सज्जन असें सुचवितात कीं, प्रौढांचे वर्ग रंजक करण्यासाठीं गाणीं, खेळ, बडबडगीतें आणि रंगीत चित्रें आणावीं. हेतु चांगला आहे, पण चार मुलांच्या आईस बदकाचें चित्र दाखवून "हें काय आहे?" असें विचारणें हा तिचा अपमान आहे. बदक तिनें पुष्कळ पाहिलें आहे. रंजकता आणि पोरकटपणा यांत अंतर आहे. प्रौढास हंसवावें, गाऊं द्यावें, ओवी म्हणूं द्यावी. परंतु त्यास मूल समजूं नये. "अरे", "अगं" असें न म्हणतां "तुम्ही", "काका", "मावशी" असें म्हणणें ही अध्यापनाची पहिली पायरी होय. खेळानें आलेली गोडी घटकाभर टिकते. प्रयोजनानें आलेली गोडी घरीं जाऊनही टिकते.

यावर उलट आक्षेपही येतो. प्रयोजन पाहूनच शिकवावयाचें तर शिक्षण केवळ पोटापुरतें होईल; मग काव्य, इतिहास, खगोल यांचें काय? आक्षेप योग्य आहे, पण तो प्रौढांस ओळखत नाहीं. आमच्या वर्गांतील सर्वांत वयस्क आजींनीं विचारलेला पहिला प्रश्न पैशाचा नव्हता. त्यांनीं विचारलें, "अधिक महिना कां येतो?" त्यांनीं जन्मभर अधिकांतील वाणें दिलीं होतीं, त्यामागील गणित कोणीं सांगितलें नव्हतें. चंद्राच्या बारा महिन्यांचे दिवस सुमारें ३५४, सूर्याच्या वर्षाचे सुमारें ३६५. दरसाल ११ दिवसांची तूट पडते आणि ती सुमारें ३२ ते ३३ महिन्यांनीं एक महिना घालून भरून काढतात. आजींनीं बोटांवर मोजून हा हिशेब पडताळून पाहिला. जिज्ञासा हेंही प्रयोजनच आहे, आणि तें वयानें कमी होत नाहीं. दाबलेलें मात्र असतें.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. सर्वच शिक्षण गोड करतां येत नाहीं. पाढे पाठ करावेच लागतात, जोडाक्षरें गिरवावींच लागतात, इंग्रजी शब्दांचें स्पेलिंग घोकावेंच लागतें. हे कष्ट लपवून ठेवणारा शिक्षक विद्यार्थ्यास फसवितो. परंतु कष्टाचें कारण कळलें म्हणजे प्रौढ मनुष्य कष्टांस भीत नाहीं. त्याचें सारें आयुष्य त्यांतच गेलेलें असतें. आमच्याकडे भाजीचा धंदा करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांस पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, एवढेंच काय, साडेतीनची औटकीही मुखोद्गत आहे. लहानपणीं वडिलांबरोबर बाजारांत बसून तीं त्यांनीं पाठ केलीं. दशांश अपूर्णांक त्यांस अवघड वाटत होते. ०.२५ म्हणजे तुमची पावकी आणि ०.७५ म्हणजे पाऊणकी, असें म्हणतांच त्यांनीं राहिलेलें स्वतःच सांगून टाकलें. जुन्या ज्ञानाच्या खुंटीवर नवें ज्ञान टांगलें कीं तें पडत नाहीं.

ही दृष्टि कांहीं माझी नव्हे. आपल्या प्रांतांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८५५ सालीं पुण्यांत शेतकरी व मजूर यांच्यासाठीं रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्यांची वेळ पाहून शाळेनें आपली वेळ बदलली, हाच तिचा पहिला धडा. ब्राझील देशांत १९६३ सालीं आंजिकोस या गांवीं पाउलो फ्रेरी यांच्या मार्गदर्शनाखालीं सुमारें ३०० मजुरांस सुमारें ४० तासांत लिहावयास वाचावयास शिकविण्याचा प्रयोग झाला. फ्रेरी यांची रीत अशी कीं, लोकांच्या रोजच्या बोलण्यांतील शब्द निवडावा, उदाहरणार्थ "वीट". त्या विटेविषयीं, ती घडविणाऱ्याविषयीं आणि तिच्या घरांत कोण राहतो याविषयीं प्रथम बोलावें, आणि मग त्याच शब्दाचीं अक्षरें फोडून नवे शब्द करावे. पुढच्याच वर्षीं तेथें लष्करानें सत्ता घेतली, तें कार्य बंद पडलें आणि फ्रेरी यांस तुरुंगवास घडला. वाचूं लागलेला मजूर विचारही करूं लागतो, हें राज्यकर्त्यांनीं चटकन् ओळखलें. आपल्याकडे १९५९ सालीं सातारा जिल्ह्यांत ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि ती पुढें राज्यभर पसरली. अगदीं अलीकडे, ८ मार्च २०१६ रोजीं, ठाणें जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांतील फांगणें या गांवीं आजीबाईंची शाळा उघडली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आजी गुलाबी लुगडें नेसून, पाटीदप्तर घेऊन तेथें जाऊं लागल्या. त्यांस नोकरी मिळवावयाची नव्हती. अंगठ्याऐवजीं सही करावी, पोथी स्वतःच्या डोळ्यांनीं वाचावी, एवढेंच मागणें होतें. आणि तें लहान नव्हे.

२०११ च्या जनगणनेंत आपल्या राज्यांतील साक्षरांचें प्रमाण शेंकडा ८२ च्या घरांत होतें. म्हणजे सात वर्षांवरील दर शंभरांत सुमारें अठरा माणसें अक्षरांच्या बाहेर होतीं. केंद्र सरकारनें २०२२ पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू केला, पुढें त्यास "उल्लास" हें नांव मिळालें. पंधरा वर्षांवरील निरक्षरांस स्वयंसेवकांनीं शिकवावें अशी त्याची योजना आहे. योजना कागदावर होतात. शिकविणें मात्र कोणीतरी कोणाच्या तरी शेजारीं बसून करावें लागतें.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, आतां दोन शब्द तुमच्याशीं. तुमच्यापैकीं पुष्कळजण घरीं रोज एक अपराध करतात आणि त्यांस तो कळतही नाहीं. आई मोबाइलवर बँकेचा निरोप वाचूं पाहते, अक्षर अडतें, तुम्ही म्हणतां, "दे इकडे, तुला नाहीं जमणार," आणि एका क्षणांत काम उरकून टाकतां. काम झालें, पण आई होती तेथेंच राहिली. उलट आपल्याला येत नाहीं ही समजूत आणखी पक्की झाली. यापुढें मोबाइल तिच्याच हातांत राहूं द्या. तुम्ही शेजारीं बसा. निरोपांत जमा कोठें लिहिलें, खर्च कोठें लिहिला, शिल्लक किती, हें तिलाच शोधूं द्या. आपला पिन कोणास, तुम्हांसही, सांगूं नये हेंही तिला समजूं द्या. चुकलें तर पाहुण्यांदेखत हंसूं नका. गवंडीकाकांचें वाक्य आठवा.

आणि पालकहो, आपणांसही एक विनंति आहे. आपल्याला शाळा मिळाली नाहीं म्हणून मुलाच्या अभ्यासापासून दूर बसूं नका. आपल्या हातांत जें ज्ञान आहे तें मुलाच्या पुस्तकास हवें आहे. गेल्या वर्षीं मीं गवंडीकाकांस आमच्या शाळेच्या मैदानावर बोलाविलें. कबड्डीच्या क्रीडांगणाचे कोपरे आंखावयाचे होते. काकांनीं दोरी घेतली, एका बाजूस ३ फुटांवर खूण केली, दुसऱ्या बाजूस ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधील अंतर बरोबर ५ फूट येईपर्यंत दोरी सरकविली. "झाला गुण्या," ते म्हणाले. दहावीचा एक विद्यार्थी ओरडला, "गुरुजी, हें तर पायथागोरसचें प्रमेय!" काकांनीं तें नांव प्रथमच ऐकलें. त्यांनीं विचारलें, "हा कोण, गवंडी होता काय?" मुलें हंसलीं; पण त्या दिवशीं जें प्रमेय त्यांनीं परीक्षेसाठीं घोकलें होतें, तें त्यांच्या पायांखालच्या मातींत उमटलें होतें.

रात्रीं वर्गांत काकांनीं तें नांव आपल्या वहींत लिहून घेतलें. "पायथागोरस" हा शब्द लांब आहे. त्यांस चार वेळां खोडावा लागला. पांचव्या वेळीं बरोबर आला. त्याखालीं त्यांनीं आपलें स्वतःचें नांव लिहिलें आणि वही माझ्यापुढें तपासण्यास ठेवली.